दसऱ्याला बंद केलेला सर्व्हर

शिरढोणच्या पुढे, न्हावा शेव्याकडे जाणाऱ्या रस्त्यालगत एक कंटेनर यार्ड आहे. त्याचं सॉफ्टवेअर मी सांभाळतो. दसऱ्याला तिथे यंत्रांना सुट्टी असते. सुट्टी म्हणजे दिवसभराची नव्हे. बंदराला दसरा ठाऊक नाही, बोटी त्यांच्या वेळेलाच सुटतात. पण सकाळी पूजेपुरती प्रत्येक वस्तू बंद झालीच पाहिजे, असा तिथल्या मॅनेजरांचा दंडक आहे. कंटेनर उचलणारी क्रेन, फोर्कलिफ्ट, वजनकाटा, कॉम्प्युटर, अगदी पाण्याचा कूलरसुद्धा. सगळं धुऊनपुसून, झेंडूच्या माळा घालून, हळदकुंकू वाहायचं, नारळ फोडायचा, आणि मगच बटणं दाबायची. मी काही फार देवभोळा नाही, पण त्या दिवशी पनवेलच्या बाजारातून ताजे पेढे येतात, त्यामुळे मी पूजा चुकवत नाही.

सर्व्हर मात्र आजवर या सुट्टीतून सुटत आला होता. हिशेबाच्या खोलीमागे एका लाकडी कपाटात तो वर्षानुवर्षं घोंघावत बसलेला असे. वीज गेली तरी त्याला बॅटरी होती, बॅटरी संपायच्या आत जनरेटर सुरू होई. तो कधी बंद झाल्याचं कुणाच्याच आठवणीत नव्हतं. या वर्षी मात्र कुणीतरी हौसेनं त्या कपाटाला काचेचं दार बसवलं. आरतीचं ताट घेऊन फिरता फिरता मॅनेजरांना त्या काचेतून हिरवे दिवे लुकलुकताना दिसले.

"अहो सर, हा चालू कसा?" त्यांनी मला विचारलं.

"सर्व्हर आहे तो. तो बंद करत नाहीत."

"का? यंत्रच ना? वर्षभर राबतो बिचारा. त्याला एक अर्धा तास टेकू द्या की."

मी रीतसर आज्ञा देऊन सर्व्हर बंद केला. आतला पंखा हळूहळू मंदावत थांबला, आणि त्या खोलीत इतकी शांतता झाली की बाहेर झेंडूची फुलं ओवणाऱ्या बायकांचं बोलणं ऐकू यायला लागलं. मॅनेजरांनी कपाटाला कुंकू लावलं, हात जोडले. खरं सांगायचं तर मलाही बरं वाटलं.

ॲप्लिकेशन सर्व्हर म्हणजे नक्की काय, असं घरी कुणी विचारलं की मी मंगल कार्यालयाचं उदाहरण देतो. हॉल, पाणी, वीज, भांडीकुंडी कार्यालयाची. कार्य ज्याचं त्यानं करायचं. आमच्या या कार्यालयात दोन महत्त्वाची बिऱ्हाडं होती. एक ॲप फाटकाचं, त्याला आम्ही 'गेट'च म्हणायचो. ट्रेलर आत कधी आला, बाहेर कधी गेला, कुठला कंटेनर घेऊन गेला, ते सगळं त्याच्याकडे. दुसरं ॲप बंदराशी बोलणारं. त्याचं खरं नाव लांबलचक आहे, मी त्याला 'निरोप्या' म्हणतो. कंटेनर निघाला की निरोप्या बंदराला कळवणार, बंदराकडून एक नंबर घेऊन येणार, आणि तो नंबर असलेला पास ट्रेलरवाल्याच्या हातात पडणार. पूर्वी कागदावर सही-शिक्का चालायचा. आता नंबर नसेल तर बंदराच्या फाटकातून चिमणीसुद्धा आत सोडत नाहीत.

आणि हे कार्यालय, म्हणजे सर्व्हर, ओपन सोर्स आहे. ते कुणा एकाच्या मालकीचं नाही. जगभरच्या लोकांनी आपापल्या सवडीनं मिळून बांधलेलं, आणि त्याचा कोड ज्याला हवा त्यानं उघडून वाचावा असं. मी ते इतकी वर्षं फुकट वापरत आलो होतो. कधी उघडून बघावंसं वाटलं नव्हतं, कारण कधी गरजच पडली नव्हती.

नारळ फुटला, क्रेन घरघरली, वजनकाट्यावर आकडे आले. मी सर्व्हरचं बटण दाबलं, एक पेढा तोंडात टाकला, आणि पडद्यावर सरकणाऱ्या ओळी बघत उभा राहिलो. सुरुवातीच्या ओळी नेहमीसारख्या भराभर गेल्या. मग त्या थांबल्या. बराच वेळ काहीच हललं नाही. आणि मग लाल अक्षरांचा असा लोंढा आला की पेढा घशातच अडकला. गेट उठलं नव्हतं. निरोप्या उठला नव्हता. ज्या फोल्डरमध्ये ॲपच्या फायली ठेवलेल्या असतात, तिथे सर्व्हरनं दोघांच्याही शेजारी एकेक छोटी फाईल ठेवली होती. शाळेतल्या निकालासारखी: नापास.

अशा वेळी जे सगळे करतात तेच मी केलं. परत बंद केला, परत सुरू केला. नापास. तात्पुरत्या फायली पुसल्या. नापास. दोन्ही ॲप उतरवून एकेक करून चढवली. गेट एकटं चढवलं तर ते नुसतं थांबून राहायचं आणि शेवटी मान टाकायचं. निरोप्याचंही तेच. मी तसा चिडका माणूस आहे. मी सर्व्हरला बोल लावले, माझ्याआधी हे काम सांभाळून नोकरी सोडून गेलेल्या माणसाला लावले, काचेचं दार बसवणाऱ्या सुताराला लावले. मॅनेजर माझ्या मागे उभे होते, त्यांना मात्र मला बोल लावता येईना. त्यांचा चेहरा असा झाला होता, जणू ज्या देवाला त्यांनी प्रसन्न करायला हात जोडले तोच रुसून बसला होता.

तेवढ्यात दारात एक गृहस्थ येऊन उभे राहिले. पन्नाशीचे, नवा पांढरा शर्ट, कपाळावर गंध, हातात आपट्याच्या पानांची जुडी. उरणकडच्या खाडीवरचं त्यांचं गाव. त्यांचा कंटेनर आदल्या दिवशीच तळोज्याच्या कारखान्यातून यार्डात आला होता. त्यात गोठवलेली कोळंबी होती. तो थंडाव्यासाठी विजेला जोडून ठेवलेला, ट्रेलरवर चढवलेला, माळ घातलेला, फक्त पासासाठी थांबलेला.

"सायेब, आमचा पास कदी निगंल?"

मी म्हटलं, "दादा, सिस्टीम बंद आहे. थोडं थांबा."

"किती थांबू? संध्याकाळी बोटीचा गेट बंद व्हतो, मग माल घेत नाय."

ते आत येऊन माझ्या शेजारच्या खुर्चीत बसले. त्यांनी आरडाओरडा केला असता तर मला सोपं गेलं असतं, मीही उलट ओरडलो असतो. पण ते हलक्या आवाजात बोलत राहिले. त्यांच्या वडिलांची मिठागरं होती. मीठ पिकणं थांबलं, आजूबाजूचे लोक खाडीलगतची खाजण जमीन विकून मोकळे झाले, तिथे भराव पडला, गोदामं उभी राहिली. यांच्या भावांनाही तेच करायचं होतं. यांनी हट्टानं मिठागरांची तळी करून त्यात कोळंबी सोडली.

"भाऊ बोलतात, पुरे झाला. मातीचे डंपर बोलावू. मी बोललो, एक खेप जाऊ द्या. ही पयलीच हाय. परदेशातला गिऱ्हाईक बोलला, वेळेत आली तर दरसाल घेतो. नाय आली, तर त्याला दुसरे शंभर हायत." मग ते पडद्याकडे बघत म्हणाले, "आमाला दुसरा नाय."

तोवर तो माझा आणि सर्व्हरचा भांडणतंटा होता. आता त्या लाल अक्षरांच्या पलीकडे एक खाडी होती, बांध होता, आणि भरावाच्या मातीचे डंपर होते.

या सर्व्हरवर काम करणाऱ्या लोकांची एक गप्पांची जागा आहे, इंटरनेटवर. तिथे कुणीही जाऊन अडचण सांगावी. मी तिथे कधी एक अक्षर लिहिलं नव्हतं. मला वाटायचं, तिथले लोक म्हणजे सर्व्हरचे कर्तेधर्ते, आपण यार्डातल्या माणसानं काय विचारायचं. त्या दिवशी लाज गुंडाळून ठेवली. मोडक्यातोडक्या इंग्रजीत सगळं लिहिलं: दोन ॲप आहेत, वर्षानुवर्षं चालत होती, आज पहिल्यांदा सर्व्हर बंद करून सुरू केला, दोन्ही उठत नाहीत. बंद का केला ते लिहिलं नाही. झेंडूच्या माळेला इंग्रजीत काय कारण द्यायचं?

मागवलेला चहा हातात येईपर्यंत उत्तर आलं. कुणाचं ते आजही मला माहीत नाही. फोटोच्या जागी नुसता करडा गोल, नाव म्हणून दोन-तीन अक्षरं. बाई की पुरुष, कुठल्या देशात, काही कळायला मार्ग नाही. मी कोण, कुठल्या कंपनीचा, पैसे भरणारा की फुकट वापरणारा, हे त्या माणसानं विचारलंच नाही. फक्त एक प्रश्न विचारला. ही दोन ॲप, आज आहेत त्या रूपात, कधीतरी एकत्र, थंड, म्हणजे पूर्ण बंद करून सुरू केलेल्या सर्व्हरवर, पहिल्यापासून उठलेली आहेत का?

मी तो प्रश्न दोनदा वाचला आणि हातातला कप खाली ठेवला.

नव्हती उठली. कधीच नव्हती. मी जुन्या बदलांचा इतिहास उघडून एकेक वर्ष मागे जायला लागलो, आणि गुंता कुठे पडला ते दिसत गेलं. सुरुवातीला गेट एकटंच होतं, कुणावर न विसंबणारं. मग निरोप्या आला. तो कंटेनरचा तपशील गेटकडून घ्यायचा, म्हणजे निरोप्या उठायला आधी गेट उठलेलं हवं. ते ठीकच होतं. पुढे कधीतरी गेटमध्ये सुधारणा झाली. बोटीची वेळ गेटला आधीच कळावी म्हणून ते ती निरोप्याकडून घ्यायला लागलं. म्हणजे आता गेट उठायला आधी निरोप्या उठलेला हवा. ही सुधारणा चढवली तेव्हा निरोप्या आपला चालूच होता, त्यामुळे कुणाला काही जाणवलं नाही. पुढे निरोप्या बदलला तेव्हा गेट चालू होतं. एकाला बदलताना दुसरा नेहमी उभा असायचा. वर्षानुवर्षं ही दोघं एकमेकांच्या पाठीला पाठ लावून उभी होती, आणि दोघांनी एकदम खाली बसावं अशी वेळ कधी आली नव्हती. आज मी दोघांना एकदम बसवलं होतं. आता सर्व्हर उठवायला गेला की गेट म्हणे आधी निरोप्या, निरोप्या म्हणे आधी गेट, आणि दोघंही सौजन्यानं वाट बघत बघत नापास होत होती.

मला रागच यायला हवा होता. पण मी थक्क होऊन बसलो होतो. म्हणजे ही यंत्रणा, जिच्यावरून रोज इतके ट्रेलर सुटत होते, ती सुरू होऊच शकत नव्हती. ती फक्त चालू राहू शकत होती. चालू होती म्हणून चालत होती. कुणी तशी योजली नव्हती, कुणाला माहीत नव्हतं, आणि तरी इतकी वर्षं एकदाही अडखळली नव्हती. माणसाच्या हातून अशी गोष्ट नकळत घडते, याचं मला आजही नवल वाटतं.

"कळला काय?" दादांनी विचारलं. माझा चेहरा बघून त्यांना काहीतरी वाटलं असावं.

"कळलं. पण उपाय नाही कळला."

त्यांना समजावून सांगताना मला दह्याचं सुचलं. आमच्या घरी दही लावायचं काम माझ्याकडे आहे. कालचं चमचाभर दही आजच्या दुधात, आजचं उद्याच्या. आम्ही आज भांडं घासूनपुसून लख्ख करून ठेवलं, आणि त्यात विरजणाचा शेवटचा चमचाही धुऊन टाकला. दूध आहे, भांडं आहे, पण दही लावायला दहीच हवं. दादा ऐकून नुसते मान हलवत राहिले. त्यांना दह्याशी कर्तव्य नव्हतं, आणि ते बरोबरच होतं.

पण बोलता बोलता माझं मला आठवलं. मागे आम्ही गावाहून परतलो तेव्हा घरात विरजण नव्हतं, शेजारीही कुणी नव्हतं. तेव्हा मी कोमट दुधात मिरचीचे देठ टाकून ठेवले होते. देठ म्हणजे काही दही नव्हे. पण त्यांच्या आधारानं एकदा थोडंसं लागलं, की पुढचं त्याचं तेच. मग देठ काढून फेकून द्यायचे.

मला निरोप्याच्या जागी असं एखादं देठ हवं होतं. नुसतं 'मी निरोप्या' असं म्हणणारं, आत काहीही नसलेलं एक खोटं ॲप. त्याच्या भरवशावर गेट उठवायचं, मग ते काढून खरा निरोप्या चढवायचा. पण सर्व्हर असं फसेल का? तो नुसतं नाव बघतो, की आत डोकावून खात्री करून घेतो? आणि खोटं ॲप काढल्याक्षणी तो गेटलाही खाली पाडणार नाही ना? हे कुठल्याही माहितीपत्रकात लिहिलेलं नव्हतं. गेटचा कोड बदलून हा गुंता कायमचा सोडवता आला असता, पण ते बदलून, तपासून होईपर्यंत बोट निघून गेली असती. मग मी इतक्या वर्षांत जे केलं नव्हतं ते केलं. सर्व्हरचा कोड उघडला.

ते वाचणं मी कधी विसरणार नाही. मला वाटलं होतं, आत काहीतरी भयंकर, आपल्या डोक्यावरून जाणारं असेल. तिथे तर माणसं होती. प्रत्येक ओळ कुणी लिहिली, कधी बदलली, का बदलली, सगळं शेजारी दिसत होतं. एकानं लिहिलेलं दुसऱ्यानं कित्येक वर्षांनी सावरलेलं, तिसऱ्यानं त्याला नीट नाव दिलेलं. नावं कुठकुठल्या भाषांतली, काही मला उच्चारताही येईनात. कुणी एका ठिकाणी लिहून ठेवलं होतं की हे का चालतं ते मला समजलेलं नाही, पण काढू नका. कुणी पुढच्या माणसाची माफी मागितली होती. ही माणसं एकमेकांना भेटलेली नसणार. त्यातली काही आता काम सोडून गेली असतील, काही जगात नसतीलही. आणि ती सगळी मिळून शिरढोणच्या पुढे एका यार्डातलं फाटक इतकी वर्षं उघडत होती.

मला हवी होती ती जागा अखेर सापडली. ॲप उठताना ज्याच्यावर विसंबायचं त्याच्या नावाची पाटी लागलेली आहे की नाही, एवढंच सर्व्हर बघत होता. पाटीच्या मागे कोण आहे, ते तो पहिल्यांदा काम पडेल तेव्हाच बघायचा. आणि एकदा ॲप उठलं की पाटी हलली तरी तो त्याला खाली ओढत नव्हता. तिथेच कुणीतरी दोन ओळींचं टिपण ठेवलं होतं. त्याचा अर्थ असा की इथे मुद्दामच खात्री करून घेतलेली नाही, नाव सांगणाऱ्यावर आपण विश्वास ठेवतो, नाहीतर काहीच सुरू होणार नाही. कुणीतरी, कुठेतरी, माझ्यासारख्याच एका गुंत्याचा विचार करून हे दार किलकिलं ठेवून गेलं होतं.

खोटा निरोप्या लिहायला फार वेळ लागला नाही. आत काही नसलेली वस्तू लिहायला कितीसा वेळ लागणार? करड्या गोलाला मी बेत सांगितला. उत्तर आलं की चालायला हवं, पण मधल्या काळात गेटला कुणी काही विचारू नये, कारण पाटीमागे कुणी नसेल. मी मॅनेजरांना सांगितलं, फाटकावर कुणीही बटणाला हात लावायचा नाही. ते इतक्या लगबगीनं धावले की त्यांच्या कपाळावरचं कुंकू घामानं नाकावर आलं.

मी खोटा निरोप्या चढवला. सर्व्हरनं पाटी लावून घेतली. मग गेट चढवलं. ते नेहमीसारखं थांबलं. मग ते उठलं. एकेक ओळ शांतपणे सरकत गेली, लाल काही नाही. दादा उठून माझ्या खुर्चीच्या पाठीला धरून उभे होते. मी खोटा निरोप्या उतरवला. गेट हललं नाही. खरा निरोप्या चढवला. त्यानं गेट शोधलं, त्याला ते उभं सापडलं, आणि तो उठला. दोघंही पुन्हा पाठीला पाठ लावून उभी राहिली.

"करा," मी फाटकावर फोन करून म्हटलं. "आधी कोळंबी."

पासाची मागणी गेली. निरोप्या बंदराकडे गेला. गेला तो गेलाच असं वाटेपर्यंत वेळ घेतला, आणि नंबर घेऊन परत आला. दादांनी आपट्याच्या जुडीतली दोन पानं काढून माझ्या हातात ठेवली. दोन पावलं जाऊन परत आले आणि कपाटाच्या काचेपाशी आणखी दोन ठेवली. मग धावत बाहेर गेले. खिडकीतून दिसलं, माळ घातलेला ट्रेलर फाटकातून निघाला आणि मागे मोटरसायकलवर ते.

पुढचं माझ्या हातात नव्हतं. दसऱ्याच्या दिवशी त्या रस्त्याचं काय होतं ते इथल्या माणसाला सांगायला नको; प्रत्येक ट्रेलर नटलेला, आणि प्रत्येक ट्रेलर पुढच्याच्या मागे उभा. मॅनेजर मधूनमधून येऊन विचारायचे, "पोचला असेल?" मी म्हणायचो, "मला काय ठाऊक?" आणि नंतर वाईट वाटून म्हणायचो, "पोचेल हो." दहाव्यांदा फोन उचलून बघून झाल्यावर मी गप्पांच्या जागी जाऊन आभार मानले. करड्या गोलानं लिहिलं की त्याच्याकडे आत्ताच उजाडतंय आणि झाला प्रकार मी सविस्तर लिहून द्यावा. दोन ॲप अशी एकमेकांसाठी अडून बसली तर सर्व्हरनं तसं स्पष्ट सांगावं, एवढी भर घालता येईल. मी म्हटलं, मला कुठे येतंय. त्यावर उत्तर आलं की ज्याच्यावर ही वेळ आली त्याच्याइतकं नीट कुणालाच येणार नाही. मग मी लिहिलं. सर्व्हर पूजेसाठी बंद केला होता, हेही लिहिलं. त्याला ते फार आवडलं. इकडे ऊन कलत होतं, तिकडे कुठेतरी पहाट होत होती, आणि मध्ये ती एवढीशी गोष्ट आम्ही दोघं मिळून नीट लावत होतो. मला त्या वेळी काय वाटलं ते नेमकं सांगता येत नाही. देवळात गेल्यावर लोकांना जे वाटतं म्हणतात, ते असंच असावं.

फोन वाजला तेव्हा यार्डातले दिवे नुकतेच लागले होते. पलीकडे हॉर्नचा कल्लोळ होता.

"सायेब, गेली आत," दादा म्हणाले. "गेट बंद व्हायच्या आत. नंबर टाकला आनि गेली. मी हितंच भायेर उबा हाय. मला काय आत सोडत नाय."

"भावांना कळवलंत?"

"कळवला." हॉर्न जरा मागे पडले, ते बाजूला सरकले असावेत. "थोरला भाऊ," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज बदलला होता, "वरीसभर बांदावर आला नवता सायेब तो. आता बोलतो, पछिमेच्या बांदाला भोक पडलाय, कोजागिरीच्या उदानाच्या भरतीआदी बुजवाया पायजे. उद्या सकाळी फावडा घेऊन येतो बोलला."

मी म्हटलं, "मग लवकर घरी जा, दादा. सकाळी उठायचंय तुम्हाला."